टक्क्यांचा पाऊस आणि मावळचा पाऊस

एप्रिल महिन्याचा मध्य आला, की हवामान खाते येत्या पावसाळ्याविषयीचे आपले भाकीत जाहीर करते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिव पेठेपासून निगडी-प्राधिकरणापर्यंत चहाच्या पेल्याबरोबर एकाच आकड्याची चर्चा होते. आकडा शंभराच्या वर असला म्हणजे बाजारात हर्ष होतो. खाली असला म्हणजे पाणीपुरवठा खात्याचे अधिकारी कपातीची भाषा बोलू लागतात. या आकड्यास ठळक मथळा देण्याच्या कामी आम्हीही कधी मागे राहिलेलो नाही, हे प्रथमच कबूल केलेले बरे. आणि म्हणूनच त्या आकड्याचा खरा अर्थ काय, आणि पुण्याच्या अगदी दाराशी असलेल्या मावळ तालुक्यास व लोणावळ्याच्या घाटमाथ्यास त्याचा उपयोग किती, या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आमचे कर्तव्य ठरते.

हा आकडा सांगतो तो असा : जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सबंध देशावर मिळून सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल. ही सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची असून ती ८७ सेंटिमीटर आहे. एप्रिलच्या भाकितात पाच टक्के इकडे वा तिकडे चूक होऊ शकेल, असे खाते स्वतःच सांगते. जैसलमेरची वाळू आणि चेरापुंजीचे डोंगर यांची एकत्र बेरीज करून काढलेला हा आकडा देशाच्या अर्थमंत्र्यास, धान्याच्या आयात-निर्यातीचा निर्णय घेणाऱ्यास किंवा रिझर्व्ह बँकेस उपयोगाचा आहे, यात संशय नाही. तो वाईट आकडा नव्हे. परंतु त्यावरून मावळातील शेतकऱ्याने, धरणावरील अभियंत्याने किंवा तहसीलदाराने काही ठरवावयाचे म्हटल्यास काय होते, ते अलीकडच्या तीन वर्षांच्या अनुभवावरून पाहावे.

२०१४ साली देशात सरासरीच्या ८८ टक्के पाऊस झाला. म्हणजे ते वर्ष अवर्षणाचे. त्याच वर्षी ३० जुलैच्या सकाळी मावळच्या उत्तरेस, सह्याद्रीच्या त्याच रांगेत वसलेले आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीस आलेल्या एस. टी. चालकास गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही वार्ता जगास कळली. २०२३ साली एल निनोचा बोलबाला होता. देशात पाऊस ९४ टक्के झाला आणि त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. पण त्या कोरड्या ऑगस्टच्या तोंडावर, १९ जुलैच्या रात्री, लोणावळ्याचा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सापडलेले मृतदेह व न सापडलेली माणसे मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले. धोक्याच्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे विधिमंडळातच सांगण्यात आले. आता याच्या उलट उदाहरण. २०१९ साली देशात ११० टक्के पाऊस झाला. पंचवीस वर्षांत इतका भरघोस पावसाळा झाला नव्हता. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पावसाळा संपून दोन महिने होतात न होतात तोच, मावळातील पवना धरणावर जगणाऱ्या पिंपरी-चिंचवड शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले!

सारांश, तुटीच्या वर्षी माणसे चिखलात गाडली गेली आणि सुकाळाच्या वर्षी नळ कोरडे पडले. याचा दोष हवामानशास्त्राच्या माथी मारणे सोपे आहे, पण तो न्याय होणार नाही. शास्त्राने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो एक, आणि आम्ही त्या उत्तरावरून जो प्रश्न सोडवू पाहिला तो दुसरा. या दोहोंतील अंतर समजावयाचे तर लोणावळ्यावर पडणारा पाऊस येतो कोठून, येथूनच प्रारंभ केला पाहिजे.

आमच्या पिढीतील शिक्षकांनी फळ्यावर खडूने एक चित्र शेकडो वेळा काढले असेल. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र थंड राहतो, तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे धावत येतात. आम्हीही ते चित्र काढलेले आहे आणि त्यावर मुलांना गुणही दिलेले आहेत. हे चित्र अगदी खोटे नाही. पण अपुरे आहे. जमीन तापल्यानेच पाऊस येत असता, तर ज्या वर्षी जमीन अधिक तापते त्या वर्षी तो अधिक यावयास हवा. प्रत्यक्षात अवर्षणाच्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते आणि पाऊस मात्र नसतो. ही विसंगती ज्यांनी नेमकी दाखवून दिली त्यांत पुण्यात जन्मलेल्या आणि २०२५ साली दिवंगत झालेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे नाव अग्रभागी आहे. डॉ. डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून असे दाखविले, की विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती असणारा ढगांचा पट्टाच उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकून आपल्या भूमीवर येतो, आणि समुद्रावरून पुनःपुन्हा सरकत येणाऱ्या नव्या ढगांनी तो आपले बळ टिकवितो. मान्सून म्हणजे केवळ अवाढव्य आकाराचा खारा वारा नव्हे.

या पट्ट्याला रसद पुरविणारा वारा फार दुरून येतो. दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या बाजूने निघून, पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारास घासून, विषुववृत्त ओलांडून तो सोमालियाच्या किनाऱ्याने अरबी समुद्रात शिरतो. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सर्वांत अधिक असतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ साली या झोताचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यास त्यांचे नाव मिळाले. पण नाव नवे असले तरी ओळख जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटच्या ज्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांच्या काळी पश्चिमेकडील गलबते याच वाऱ्याच्या पाठीवर बसून आपल्या बंदरांत येत आणि त्यांचा माल बोरघाटाच्या वाटेने वर चढे. वारा गलबतास घेऊन आला काय आणि ढगास घेऊन आला काय, त्याची वाट एकच.

हा वारा सह्याद्रीवर आदळतो. समुद्रापासून फार दूर नसलेला, लोणावळ्यापाशी सुमारे सहाशे मीटर उंच उठलेला हा कडा त्यास वर ढकलतो. हवा थंड होते आणि बाष्पाचे पाणी होते. म्हणून लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि आगगाडीने चौसष्ट किलोमीटर पूर्वेस आले, की पुण्यास सातशेसाडेसातशेवर समाधान मानावे लागते. ज्याने श्रावणात लोणावळा लोकलने प्रवास केला आहे, त्यास हे पुस्तकात वाचावयास नको. लोणावळ्यास खिडकीच्या काचेतून काही दिसत नाही, कामशेतला छत्री मिटते, आणि देहूरोडला फलाटावर धूळ असते. मावळ तालुका म्हणजे या उताराचा जिना आहे. एकाच तालुक्यात घाटमाथ्याचा धो धो पाऊस आणि पठाराचा बेताचा पाऊस शेजारी शेजारी नांदतात.

घाटमाथ्याच्या पावसाच्या या भरवशावरच एका मोठ्या उद्योगाची उभारणी झाली. डेव्हिड गॉस्लिंग यांच्या कल्पनेला जमशेटजी टाटांनी उचलून धरले, आणि लोणावळा, वळवण व शिरोटा येथील तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पूर्वेस भीमेकडे वाहिले असते ते पाणी नळांतून कोकणात उतरले. पुढे ठोकरवाडीच्या तलावावर भिवपुरीचे केंद्र निघाले. मुळशीच्या धरणाने तर सेनापती बापटांचा सत्याग्रह पाहिला. त्या योजनांच्या न्यायान्यायाचा वाद येथे उकरून काढावयाचा नाही. मुद्दा एवढाच, की त्या वेळच्या अभियंत्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. घाटमाथ्याचा पाऊस मराठवाड्याच्या पावसाइतका वर्षागणिक लहरी नाही. तो कमीअधिक होतो, पण दगा क्वचित देतो. त्याची लहर वर्षाच्या बेरजेत तितकी दिसत नाही. ती दिसते ती तो किती दिवसांत आणि कसा कोसळतो, यात.

आता वर्षावर्षाच्या लहरीकडे वळू. शिवाजीनगरजवळच्या एका दगडी इमारतीस पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून येथे आले, म्हणून हे नाव पडले. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले. पण हंगामी भाकिताचे काम आजही पुण्यातूनच चालते. ते खाते सिमल्यास असताना त्याच्या प्रमुखपदी १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षे गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ होते. त्यांना बोलावण्यामागे एक दारुण अपयश होते. १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत झाले होते आणि प्रत्यक्षात आला तो आपल्या आजीपणजीच्या तोंडी ‘छप्पन्नचा’ म्हणून राहिलेला दुष्काळ. वॉकर हवामानशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या नोंदी गोळा केल्या आणि कारकुनांच्या फौजेकडून त्यांचे परस्परसंबंध गणिताने काढविले. त्यातून त्यांना दिसले, की पॅसिफिक महासागरावर दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि तिकडे उतरतो तेव्हा इकडे चढतो. तराजूच्या दोन पारड्यांसारखा हा खेळ वर्षानुवर्षे चालतो. त्यास त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. भाकीत मात्र त्यांना फारसे साधले नाही, आणि कारणही सांगता आले नाही.

ते कारण १९६९ साली बियर्कनेस यांनी सांगितले. पेरू देशाच्या किनाऱ्यावरील कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उष्ण पाण्यास बाळ येशूच्या नावावरून ‘एल निनो’ म्हणत. नेहमी पॅसिफिकमधील पूर्वेचे वारे उष्ण पाणी पश्चिमेस इंडोनेशियाच्या बाजूस लोटून ठेवतात; तेथे हवा वर उठते, मेघ बनतात. काही वर्षांनी हे वारे मंदावतात. ते उष्ण पाणी मध्य व पूर्व पॅसिफिककडे सरकते, त्याच्याबरोबर मेघांचा कारखानाही सरकतो, आणि आपल्या बाजूस हवा वर उठण्याऐवजी खाली दाबली जाऊ लागते. महाराष्ट्राने ज्याचे चटके सोसले आणि ज्यातून रोजगार हमीची योजना आकारास आली, तो १९७२ चा दुष्काळ अशाच वर्षी पडला. २००२ साली जुलैत देशात सरासरीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस झाला. २००९ साली हंगामाची तूट बावीस टक्क्यांवर गेली. ही दोन्ही वर्षे एल निनोचीच होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट सुटसुटीत झाली असती. परंतु १९९७ साली विसाव्या शतकातील सर्वांत बलाढ्यांपैकी एक एल निनो पॅसिफिकमध्ये उभा असताना भारतात पाऊस सरासरीहून किंचित अधिकच झाला. तेव्हा शास्त्रज्ञांना आपल्याच दारच्या समुद्राकडे पाहावे लागले. १९९९ साली जपानी व भारतीय संशोधकांच्या एका गटाने हिंदी महासागराचेही असेच एक द्विध्रुवी आंदोलन असल्याचे दाखविले. कधी आफ्रिकेकडील पाणी अधिक उष्ण व सुमात्राकडील थंड होते, तर कधी याच्या उलट. पहिली स्थिती बहुधा आपल्या पावसास पोषक ठरते आणि एल निनोचा मार काही अंशी झेलते. २०१९ साली हेच घडले. जून महिना तेहतीस टक्के तुटीत गेला, हाहाकार सुरू झाला, आणि मग हिंदी महासागराने असा काही कौल दिला, की ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. २०२३ साली मात्र हा कौल उशिरा आला. कोरड्या ऑगस्टनंतर सप्टेंबरात सरासरीहून अधिक पाऊस झाला.

या दोन महासागरी आंदोलनांखेरीज तिसरे एक आहे, आणि आमच्या मते मावळच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे होय. १९७१ साली मॅडन व जूलियन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांना ते सापडले. हिंदी महासागरावर ढगांचा एक विशाल समूह उठतो, विषुववृत्ताच्या कडेकडेने पूर्वेस सरकतो आणि तीस ते साठ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून त्याचा प्रभाव पुन्हा आपल्याकडे येतो. तो आपल्या बाजूस असतो तेव्हा अरबी समुद्रावरील झोत बळावतो, बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होण्यास अनुकूलता येते, गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा ताणला जातो, आणि लोणावळ्यास चारसहा दिवस आभाळ फाटते. ओरिसाच्या किनाऱ्यावर काही उठले, की दोन दिवसांत खंडाळ्याचे धबधबे फुगतात, हे आमचे घाटातील जुने रहिवासी शास्त्र न शिकताही सांगतात. तो समूह दूर गेला, की मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी जातो आणि पावसात खंड पडतो. तरण्या-म्हाताऱ्याचा पाऊस असे जे आमचा शेतकरी म्हणतो, ते याच जोराचे आणि ओढीचे त्याच्या पंचांगातील भाषांतर आहे.

आता या तिघांचा मेळ घालून पाहिला, म्हणजे माळीण आणि इर्शाळवाडी यांचे कोडे उरत नाही. पॅसिफिक आणि हिंदी महासागर हे चार महिन्यांच्या बेरजेवर वजन टाकतात. एल निनोच्या वर्षी खंड लांबण्याची शक्यता वाढते, जोराच्या पाळ्या कमी होतात. पण जी पाळी येते ती अंगचोर असेलच असे नाही. दहा दिवसांच्या एका पाळीत घाटमाथ्यावर एवढे पाणी ओतले जाऊ शकते, की डोंगराच्या उतारावरची माती त्याने फुगून सुटावी; त्यानंतर महिनाभर थेंबही पडला नाही तर देशाची बेरीज तुटीची दिसेल. दरड कोसळते ती बेरजेने नव्हे. आधीच्या आठवड्यात मुरलेले पाणी आणि त्या रात्री पडलेले पाणी, एवढेच ती जाणते.

आणि पाळ्या अधिक उग्र होत आहेत, असे मानण्यास आधार आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांचे बाष्प बव्हंशी तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येते. ते बाष्प पूर्वेस जाताना प्रथम कोणाच्या माथ्यावरून जाते, हे मावळकरांस सांगावयास नको. २०२५ साली तर मे महिनाच देशात १९०१ पासूनचा सर्वांत पावसाळी मे ठरला, आणि मान्सूनने २६ मे रोजी मुंबई-पुणे गाठले. ज्यांना राब भाजून कोरड्या मातीत धूळवाफेवर भाताची पेरणी करावयाची होती, त्यांच्या हाती चिखल आला. वाफसा म्हणून मिळेना. तोही पावसाळा अखेर १०८ टक्क्यांचा, म्हणजे कागदोपत्री उत्तम!

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आज पुण्यामुंबईच्या घरोघरी शिजतो. त्याचा शेतकरी सबंध भारताच्या टक्केवारीचे काय करणार? त्यास हवे ते एवढेच, की लावणीच्या पंधरवड्यात खाचरात पाणी उभे राहील काय, आणि भात पोटरीस व फुलोऱ्यास येईल तेव्हा खंड पडेल काय. या प्रश्नाचे उत्तर देण्याची पात्रता शास्त्राने आता पुष्कळ अंशी मिळविलेली आहे. हवामान खाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज काढते. पहिल्या दोन आठवड्यांचा त्यातील भाग विश्वासार्ह असतो; पुढचा संदिग्ध. पण हा गुरुवारचा कागद इंग्रजीत, नकाशांच्या रंगांत अडकून राहतो. तो आम्ही वृत्तपत्रकार क्वचित छापतो, तलाठी वाचत नाही, आणि ग्रामसभेत तर तो पोहोचतच नाही.

धरणांचेही तेच. पवना धरण ऑगस्टात भरते, आणि भरल्यावर नदीत पाणी सोडले, की चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरते, सांगवीच्या वस्त्या उठवाव्या लागतात. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत काय झाले, ते ताजे आहे. अभियंत्याची अडचण आम्ही जाणतो. आज जागा मोकळी ठेवली आणि पुढे २०२३ च्या ऑगस्टसारखा खंड पडला, तर पाणी वाया घालविल्याचा ठपका त्याच्यावर येईल. न ठेवली आणि पाळी जोराची आली, तर पुराचा. म्हणून तो कॅलेंडरकडे पाहतो. वास्तविक त्याने पंधरा दिवसांच्या अंदाजाकडे पाहावे, आणि त्या अंदाजास धरून घेतलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला तरी त्यास शासनाने पाठीशी घालावे, असा लेखी नियम हवा. असा नियम झाल्यावाचून कोणताही शहाणा अधिकारी तो धोका पत्करणार नाही.

आणि पाणी अपुरे पडते तेव्हा ते कोणाचे, हा प्रश्न मावळात रक्ताने लिहिलेला आहे. पवनेचे पाणी बंद नळातून शहरास नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तिघे ठार झाले. एल निनोच्या वर्षी शहरास किती, शेतीस किती आणि विजेसाठी घाटाखाली किती, हे संकट दाराशी आल्यावर ठरवू म्हटले, तर ते पुन्हा रस्त्यावर ठरेल. पॅसिफिकचा कल मे-जूनपर्यंत पुष्कळसा उघड होतो. महासागराच्या त्या दीर्घ आंदोलनाचा मावळला खरा उपयोग असेल तर तो येथे आहे. दुष्काळाचा संभव दिसताच जूनमध्येच तिन्ही पक्षांना समोरासमोर बसवून वाटपाचा तक्ता ठरवावा आणि तो जाहीर करावा.

राहिला प्रश्न जिवांचा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. आगगाडीच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेले हे धरण आता शनिवार-रविवारच्या गर्दीचे ठिकाण झाले आहे. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने इंद्रायणीत कोसळला आणि चार जण मरण पावले. या घटनांनंतर सरसकट मनाईहुकूम निघाले. असे हुकूम निघतात, चार रविवार पाळले जातात आणि विरून जातात, कारण त्यांचा संबंध पावसाशी नसून वृत्तपत्रांतील गवगव्याशी असतो. माथ्यावर तीन तासांत अमुक मिलिमीटर पडले, की अमुक रस्ता बंद आणि तितके कमी झाले, की खुला, असे मोजमापावर बांधलेले बंधन लोक पाळतील; निदान त्यातील तर्क त्यांना समजेल. आमचा सुशिक्षित पुणेकर वर्षासहलीस निघताना हंगामाचा आकडा तोंडपाठ सांगतो आणि त्या दिवशीचा घाटमाथ्याचा इशारा मात्र पाहत नाही, हेही येथे म्हटले पाहिजे.

हवामान खात्याने पुणे शहर आणि पुणे जिल्ह्याचा घाटमाथा यांचे इशारे वेगळे देण्यास प्रारंभ केला, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु जुन्नरपासून भोरपर्यंतचा सारा कडा एकाच रंगात रंगवून भागणार नाही. लोणावळ्याच्या कातळावर दोनशे मिलिमीटरांचा दिवस अपूर्व नव्हे. तेच पाणी मातीच्या उतारावरील एखाद्या ठाकरवाडीवर पडले तर ती वाडी राहणार नाही. मे २०२५ मध्ये पुण्याच्याच संस्थेने तयार केलेली, सहा किलोमीटरांच्या चौकटीत हवामान वर्तविणारी नवी प्रणाली देशास अर्पण झाली. लोणावळा आणि कामशेत या चौकटीत निराळे पडू शकतील, एवढी ती बारीक आहे. पण वरून कितीही बारीक चौकट आखली, तरी खाली प्रत्यक्ष पडलेला पाऊस मोजणारे पात्र नसेल तर तिची सत्यासत्यता पडताळणार कोण? महसूल मंडळास एक स्वयंचलित केंद्र आहे. ते बहुधा गावठाणाजवळ, सोयीच्या सपाटीवर असते. पाऊस मात्र वरच्या टेपावर पडतो.

या पावसाळ्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ झाले. आंबवणे, कुरवंडे, राजमाचीपासून आंदर मावळाच्या टोकापर्यंत उतारावरच्या प्रत्येक वाडीस एक साधे पर्जन्यमापक पात्र द्यावे, ते रोज वाचण्याचे काम तेथील शाळेच्या शिक्षकाकडे मानधनासह सोपवावे, आणि किती मिलिमीटरांस वाडी रिकामी करावयाची तो आकडा व कोठे जावयाचे ते ठिकाण शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवावे. दुसरे असे, की हवामान खात्याच्या गुरुवारच्या अंदाजाचा मावळापुरता भाग मराठीत करवून शुक्रवारी सकाळी वडगावच्या तहसील कचेरीच्या फळ्यावर लावावा. आम्ही तो येथे, पहिल्या पृष्ठावर, दर शनिवारी छापू.